ह्यांच्या नावाची अळंबी

मला अळंबी आवडत नाही, खायलाही नाही आणि बघायलाही नाही. तरीसुद्धा गेली तीन वर्षं शरद ऋतूतले माझे सगळे रविवार लँकेशरच्या एका ओल्याकिच्च जंगलात, गुडघ्यापर्यंतचे वेलीज, म्हणजे रबरी बूट, घालून, जमिनीकडे वाकलेल्या म्हाताऱ्या इंग्रजांच्या मागे उभं राहण्यात गेले आहेत. ह्याला कारणीभूत आमच्या शेजारच्या गद्रे काकू. मँचेस्टरला घर घेताना आम्ही छप्पर तपासलं, बॉयलर तपासला, ओल आहे का ते तपासलं. शेजार तपासायचा राहिला.

काकूंचं पूर्ण नाव मीनाक्षी श्रीनिवास गद्रे. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातल्या मधल्या शब्दाने घातलेला आहे. काकू मूळच्या गुहागरच्या. लग्न होऊन लंडनच्या हॅरोला आल्या आणि फोटो धुण्याच्या एका फॅक्टरीत अंधाऱ्या खोलीत नोकरी करत निम्मं आयुष्य काढलं. काका मेट्रोपॉलिटन लाइनच्या एका स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत. रिटायर झाल्यावर दोघं मुलाजवळ राहायचं म्हणून मँचेस्टरला आले. मुलगा अनुप भूल देणारा डॉक्टर आहे. आईवडिलांना भेटायला येतो आणि चहा व्हायच्या आत सोफ्यावर स्वतःच भूल घेतल्यासारखा पडतो. त्यामुळे काकूंना कुठे न्यायचं असेल तर हाक पूर्वीला, म्हणजे मला, आणि गाडी माझी.

काकूंचा एक नियम आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच कानात सांगितलं होतं की नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की दर वेळी त्याचं आयुष्य थोडं कमी होतं. उखाण्यात घेतलं तर चालतं, कारण तिथे ते यमकाच्या आडून जातं आणि वर कुणाच्या लक्षात येत नाही. मी माझ्या नवऱ्याला, शार्दूलला, दिवसातून पन्नासदा नावाने हाक मारते आणि चिडले की शाऱ्या म्हणते. काकूंच्या हिशेबाने तो केव्हाच संपायला हवा होता. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच त्याचे केस गळतायत."

ह्या नियमापायी काकूंनी इंग्लंडभरच्या सरकारी माणसांना घाम फोडलेला आहे. हीथ्रोवर पहिल्यांदा उतरल्या तेव्हा ऑफिसरने नवऱ्याचं नाव विचारलं. काकू म्हणाल्या, "त्यांच्या पासपोर्टवर लिहिलंय, ते मागे उभे आहेत." इथपर्यंत ठीक होतं. पण काकांना हार्ट अटॅक आला त्या दिवशी अँब्युलन्सला फोन केला आणि पलीकडच्या बाईने पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही काकू म्हणाल्या, "माझ्या मुलाचे वडील." अँब्युलन्स आली. पॅरामेडिक काकांच्या कानाशी वाकून "मिस्टर सन्सफादर, ऐकू येतंय का?" असं विचारत होता. काका वाचले, बायपास झाली. मी म्हटलं, काकू, अहो जीव जात होता माणसाचा. त्यावर काकूंचं उत्तर तयार होतं.

"तेव्हा नाव घेतलं नाही ना मी, म्हणून तर वाचले."

पुरावाच होता त्यांच्याकडे.

बायपासनंतर डॉक्टरांनी काकांना चालायला सांगितलं, पण हळू. इथे चालणाऱ्यांचे गट पुष्कळ, पण ते इंग्रज सत्तरीतही घोड्यासारखे टेकड्या चढतात. काकूंनी चौकशी करकरून सगळ्यात हळू चालणारा गट शोधून काढला. तो निघाला अळंबी बघणाऱ्यांचा. ही मंडळी कार पार्कमधून निघतात आणि दुपारच्या सँडविचपर्यंत कार पार्क अजून मागे दिसत असतं. दर दोन पावलांना कुणीतरी गुडघे टेकतं, भिंग काढतं आणि बाकीचे गोल करून उभे राहतात. हृदयाच्या पेशंटला ह्याहून चांगलं काय मिळणार? ग्रॅहम नावाचे भूगोलाचे रिटायर्ड मास्तर त्या गटाचे म्होरके होते. त्यांनी काकांना घडीची खुर्ची दिली आणि काकूंना भिंग दिलं.

जंगलाचं नाव थॉर्नी क्लफ. नुसते स्प्रूस, पानांऐवजी सुया असलेले वृक्ष, एकाला एक लागून, खाली पडलेल्या सुयांचा भिजलेला थर आणि मधून वाहणारं काळं पाणी. भर दुपारी आत दिवेलागणीचा उजेड. मला तिथे गुदमरल्यासारखं होतं. काकूंना मात्र पहिल्या दिवशीच बरं वाटलं. अंधाऱ्या खोलीत फोटोवरचे ठिपके शोधायची सवय, त्यामुळे आम्हाला जिथे चिखल दिसायचा तिथे काकूंना चार जातींच्या अळंब्या दिसायच्या. आणि अशाच एका रविवारी, काका गाडीत सीट मागे टाकून घोरत असताना, काकूंना पाण्याच्या कडेला, सुयांच्या आत, एक दिसली. शर्टाच्या बटणाएवढी राखाडी टोपी, दोऱ्यासारखा दांडा, आणि दांड्यावर शेंबडासारखा बुळबुळीत थर. मी म्हटलं, शी. काकूंनी नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "भिजवलेली सुपारी."

ग्रॅहम मास्तरांनी भिंग लावलं, मग स्वतःही वास घेतला. तशीच दिसणारी एक अळंबी ओल्या स्प्रूसच्या जंगलात सगळीकडे असते, पण तिला सुपारीचा वास नसतो. त्यांनी ती वाळवून स्कॉटलंडमधल्या एका तज्ज्ञाकडे पाठवली. डबीवर काकूंनी आपल्या हाताने आपलं नाव घातलं, आपण घालतो तसं, तिन्ही शब्द. पुढच्या वर्षी उत्तर आलं की ही जात आजवर कुणाला माहीत नव्हती, आणि शोधणाऱ्या बाईंचा मान म्हणून तिला त्यांचं नाव दिलं आहे.

आता त्या तज्ज्ञाला बिचाऱ्याला काय माहीत की आपल्याकडे बाईच्या नावात मध्ये नवरा बसलेला असतो. त्याला वाटलं, श्रीनिवास-गद्रे असं खानदानी जोडआडनाव आहे. त्यातलं गद्रे लॅटिनमध्ये बसवलं की शेवटी नुसत्या स्वरांची गर्दी होते, म्हणून त्याने पहिला अर्धा भाग घेतला. बाईचं नाव म्हणून शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लावला, आधी अळंबीच्या कुळाचं नाव. झालं बारसं. मायसिना श्रीनिवासी.

काकांचा आनंद गगनात मावेना. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते आरतीच्या रांगेत एकेकाला गाठून सांगत होते, "माझ्या नावाची अळंबी आहे. लॅटिनमध्ये." शार्दूलने विचारलं, "काका, पण ती स्त्रीलिंगी आहे ना?" काका म्हणाले, "असू दे. नाव माझंच आहे." शोध लागला तेव्हा ते घोरत होते ही गोष्ट त्यांच्या हकिकतीतून हळूहळू गळून गेली.

काकू मात्र पत्र ऐकून मटकन खालीच बसल्या. ज्या एका शब्दापासून त्यांनी आयुष्यभर जीभ सांभाळली, तोच आता जंगलात उगवला होता. मी समजूत घातली. म्हटलं, काकू, ते श्रीनिवासी आहे, शेवटी ई आहे, काकांचं नाव थोडंच आहे ते?

"शेवटी ई लावून यमराज फसतात होय?" काकू म्हणाल्या. "स्टेशनवर ह्यांचे साहेब ह्यांना श्रीनी म्हणायचे. तरी त्या नावाचं पत्र पोस्टमन बरोबर ह्यांनाच द्यायचा ना?"

मग काकूंनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. त्या अळंबीलाही 'हे' म्हणू लागल्या. "हे आज दिसत नाहीत. ह्यांना पाऊस कमी पडला." इंग्रजी बोलताना ह्या 'हे'चं साहजिकच पुल्लिंगी भाषांतर व्हायचं. ग्रॅहम मास्तरांना त्याची मोठी मौज वाटली आणि त्यांच्या गटात अळंबीचं नाव 'हिमसेल्फ', म्हणजे 'खुद्द स्वारी', पडलं. रविवारी सकाळी सगळे विचारायचे, आज हिमसेल्फ बाहेर आलेत का? कधी उत्तर खऱ्या काकांबद्दल असायचं, कधी बुळबुळीत काकांबद्दल. कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते मागच्या वर्षी. एका कंपनीला थॉर्नी क्लफमधली झाडं पाडून तिथे लाकडी घरं बांधायची होती, बाहेर हॉट टबवाली, म्हणजे शहरातल्या लोकांना गरम पाण्यात बसून झाडं बघता येतील. कुठली झाडं ते त्यांनाच ठाऊक. कंपनीच्या अहवालात म्हटलं होतं की जंगलात आहे ती साधी, सगळीकडे आढळणारी अळंबी. कौन्सिलची कमिटी गावच्या हॉलमध्ये निर्णय घेणार होती. विरोधात एकच जण बोलू शकणार, तीन मिनिटं. ग्रॅहम मास्तरांनी मोठ्या उत्साहाने काकूंचं नाव देऊन टाकलं. जिने शोधली तीच बोलली तर कमिटीचं काळीज हलेल, असं त्यांचं म्हणणं.

तीन मिनिटांत काकूंना एकच गोष्ट करायची होती. ही ती साधी अळंबी नव्हे, ही वेगळी, असं सांगायचं आणि तिचं नाव घ्यायचं.

त्या आठवड्यात काकू जेवल्या नाहीत धड. नाव घेतलं तर हे जातील. नाही घेतलं तर ह्यांच्या नावाचं जे जगात एकाच ठिकाणी उगवतं ते बुलडोझरखाली जाईल, आणि तो काय शुभ शकुन आहे? "अगं पूर्वी, मला दोन्हीकडून तेच," त्या मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी आयुष्यभर ह्या असल्या समजुतींची टर उडवत आले, पण तेव्हा उडवली नाही. शेवटी मीच म्हटलं, काकू, उखाणा चालतो ना? मग उखाणा घ्या.

त्या संध्याकाळपासून भिंतीपलीकडून यमकं ऐकू येऊ लागली. शिळा उखाणा चालत नाही, एकदा घेतलेला पुन्हा नाही, आणि कमिटी किती वेळा विचारेल काय सांगावं? रास, खास, आस, प्रवास. त्रास हे यमक काकांनी सुचवलं, ते काकूंनी रागाने नाकारलं.

मीटिंगच्या दिवशी काकू पैठणीवर पावसाळी अनोरॅक घालून आल्या. नाव घ्यायचं म्हणजे पैठणी हवी. काका पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. अध्यक्षबाईंनी विचारलं, "मिसेस गद्रे, आपण कुठल्या प्रजातीबद्दल बोलणार आहात? नोंदीसाठी नाव सांगा." काकूंनी पदर सारखा केला.

"स्प्रूसच्या सावलीत ओल्या सुयांची रास,
पाण्याकाठी राहतात माझे श्रीनिवास."

मी सवयीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. अध्यक्षबाईंनी नम्रपणे सांगितलं की कामकाज इंग्रजीत चालतं. काकूंची त्याचीही तयारी होती.

"रेन ऑन द स्प्रूसेस, मॉस ऑन द ग्रास,
धिस लिटल फेलो इज श्रीनिवास."

आता हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पण कमिटीच्या कोपऱ्यात बसलेल्या कायदेशीर सल्लागाराने घसा खाकरला. हडकुळा माणूस, चेहऱ्यावर सुरकुती पडायलाही जागा नाही. तो म्हणाला, पद्यातली साक्ष नोंदवण्याची सोय नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, बरं, नावाचं नंतर बघू, आधी माहिती सांगा.

आणि काकूंनी मनापासून, त्यांच्या त्या पुल्लिंगी इंग्रजीत, माहिती सांगायला सुरुवात केली. ते फार लाजाळू आहेत. ते ह्या एकाच जंगलात असतात, पाण्याच्या कडेला, सुयांत अर्धे रुतून. वर्षभर दिसत नाहीत, ऑक्टोबरात बाहेर येतात. त्यांना ऊन सोसत नाही. त्यांचा पाय सतत ओला आणि चिकट असतो.

कमिटीवरचे एक लालबुंद हातांचे शेतकरी सदस्य पुढे वाकले. अळंबीची चर्चा चालू आहे हे ते बहुधा उखाण्यांच्या वेळीच विसरले होते. "हे गृहस्थ ह्या थंडीत बाहेर असतात?" त्यांनी विचारलं.

"थंडीच लागते त्यांना," काकू म्हणाल्या.

"खातात काय?"

"पडलेल्या सुया."

कमिटीवरच्या दुसऱ्या एका बाईंनी हळूच विचारलं, सोशल सर्व्हिसेसना हे ठाऊक आहे का? अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मिसेस गद्रे, तुमचं त्यांच्याशी काही नातं आहे?"

"माझ्या नवऱ्याचं नाव आहे त्यांना," काकूंनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे तुमचे दीर?"

मागून ग्रॅहम मास्तर उठून काहीतरी सांगायला लागले, तर सल्लागाराने त्यांना बसवलं. नोंदणी केलेल्या माणसाशिवाय कुणी बोलायचं नाही. काका उठले आणि म्हणाले, "नाव मी सांगतो, माझंच आहे." त्यांनाही बसवलं. मग सल्लागार घड्याळाकडे बघून म्हणाला, "मॅडम, आपलं अर्धं मिनिट उरलं आहे. नाव सांगा. सरळ, गद्यात. नाहीतर आपलं निवेदन मागे घेतलं असं धरावं लागेल."

काकूंनी टेबल घट्ट धरलं. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, त्या यमक शोधत होत्या, आणि यमकाचा आता काही उपयोग नव्हता. मला उठून त्या हडकुळ्याचा गळा धरावासा वाटला. काकूंनी कमिटीकडे पाठ फिरवली. त्या काकांकडे बघू लागल्या, अशा की जणू हे शेवटचंच बघणं आहे. आणि मग त्या म्हणाल्या,

"श्रीनिवास."

"ओ," काका म्हणाले.

हाकेला ओ द्यावी तसं, अगदी सहज. त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर नवल होतं. काकू धावत येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांच्या गालाला, कपाळाला, छातीला हात लावून पाहिला. काका होते तिथेच होते, गरम होते आणि रडत होते.

"हेच का ते जंगलातले?" शेतकरी सदस्यांनी विचारलं. "बरे दिसतात की."

पुढे सगळा उलगडा व्हायला बराच वेळ गेला. नियम बाजूला ठेवून ग्रॅहम मास्तरांना फोटो दाखवू द्यावा लागला, अळंबी एका बशीत घालून कमिटीभर फिरवली गेली आणि प्रत्येकाने वास घेतला. लालबुंद हातांचे सदस्य म्हणाले, त्यांच्या बायकोच्या खोकल्याच्या औषधाला असाच वास येतो. पण साध्या अळंबीला असा वास नसतो हे आता सगळ्यांना पटलं होतं. हॉट टबवाली घरं वरच्या कोरड्या उतारावर गेली. पाण्याकाठचा ओला कोपरा स्प्रूससकट राहिला. मतदानानंतर अध्यक्षबाईंनी काकांशी हात मिळवला आणि काही मदत लागली तर कळवा म्हणून सांगितलं. त्यांना पुरता उलगडा झाला नसावा.

परतताना पाऊस होता. दोघं मागच्या सीटवर. काकूंनी काकांचं मनगट धरलं होतं आणि बोटं नाडीवर ठेवली होती. काका म्हणाले, "आई गेल्यावर मला कुणी ह्या नावाने हाक मारली नव्हती गं. इथे मी मिस्टर गद्रे, श्रीनी, बाबा, काका. मला वाटलं होतं, ते नाव आता नुसतं पासपोर्टवरच राहिलंय." मग ते म्हणाले, "परत घे ना."

"एकदा पुरे," काकू म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात."

मोटरवेला लागल्यावर काकांची मान कलंडली. काकू म्हणाल्या, "अहो." उत्तर नाही. "अहो, झोपलात का?" उत्तर नाही. मी वेग कमी केला.

"श्रीनिवास," काकू म्हणाल्या.

"ओ."

मला आरशात काकांचे डोळे टक्क उघडे दिसत होते. पुढच्या जंक्शनला त्यांनी ते पुन्हा मिटले आणि मान पुन्हा कलंडली, इतकी की शाळेतल्या नाटकातही कुणी अशी मान टाकत नाही.

"जागे आहात ते कळतंय मला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.